रोजच्या जगण्याची मिसल

२४ जुलै २०१० हा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत ठळक अक्षरांनी छापलेला नव्हता. आषाढी पौर्णिमेच्या तोंडावरचा तो एक साधा शनिवार होता. आणि तरीही त्याची निवड झाली होती. जगातल्या कोणाही माणसाने त्या दिवशीच्या आपल्या दिनचर्येचा एखादा तुकडा चित्रित करून पाठवावा असे आवाहन 'यूट्यूब'वरून करण्यात आले, त्याला १९२ देशांतून प्रतिसाद मिळाला, सुमारे ८०,००० तुकडे म्हणजे साडेचार हजार तासांचा ऐवज गोळा झाला, आणि त्यातून केव्हिन मॅकडोनाल्ड या दिग्दर्शकाने ९५ मिनिटांचा 'लाइफ इन अ डे' हा चित्रपट सिद्ध करून २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला. जपानातला आईवेगळा मुलगा आणि त्याचा बाप, पेरूमधला बूट-पॉलिश करणारा पोर, धान्य कांडता कांडता गाणाऱ्या अंगोलातल्या बाया, अशी माणसे त्यात एकामागून एक येतात. आणि प्रेक्षकाला, मग तो किती का शंकेखोर असेना, क्षणभर वाटून जाते की या सर्वांशी आपले काही नाते आहे. हे वाटणे खोटे नाही. मात्र त्या वाटण्याच्या आधारावर जो दावा उभारला जातो, की येथे जगाने स्वतःच स्वतःची नोंद केली, तो दावा गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीसारख्या ठिकाणी बसून तपासू लागले म्हणजे त्याचे एकेक टाके उसवू लागतात.

ही कल्पना मुळात नवी नव्हे. मॅक्झिम गॉर्कीने सोव्हिएत लेखकांपुढे जगाच्या एका दिवसाचा ग्रंथ करण्याची योजना मांडली आणि त्यासाठी २७ सप्टेंबर १९३५ ही तारीख मुक्रर झाली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन माओ दुन या चिनी कादंबरीकाराने २१ मे १९३६ या दिवसाचे वृत्त सामान्य लोकांकडून मागविले, आणि तीन हजारांहून अधिक लेख त्याच्याकडे आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात 'मास ऑब्झर्व्हेशन' या मंडळाने १२ मे रोजी, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, लोकांनी काय केले, काय ऐकले, काय खाल्ले, याच्या रोजनिशा जमविल्या. साधनांत तेवढा फरक पडला. लेखणीच्या जागी यंत्र आले, टपालाच्या जागी विद्युत्-तरंग आले. परंतु दिवस ठरविणारा एक, प्रश्न घालणारा एक, कात्री चालविणारा एक, आणि जगणारे मात्र असंख्य, ही व्यवस्था १९३५ साली होती तशीच २०१० सालीही राहिली.

कात्रीचा हिशेब पाहावा. साडेचार हजार तासांची ९५ मिनिटे होतात तेव्हा पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे सुमारे दोन हजार आठशे मिनिटे गाळली गेलेली असतात. गाळणे हा कलेचा धर्मच आहे आणि त्याबद्दल कोणा कलावंताला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या आयुष्यातून ही मिनिटे उचलली त्यांना या गाळणीत काही बोलण्याचा अधिकार होता काय? ज्यांचे तुकडे स्वीकारले गेले त्यांना श्रेयनामावलीत सहदिग्दर्शक म्हणून स्थान मिळाले, ही गोष्ट निर्मात्यांच्या औदार्याची साक्ष देते. परंतु हा मान कॅमेऱ्यामागच्या माणसाचा. कॅमेऱ्यापुढे जी कांडत होती, तिचे काय?

आणि मग ते सुप्रसिद्ध प्रश्न. तुम्हांला काय प्रिय आहे, तुम्हांला कशाची भीती वाटते, आणि तुमच्या खिशात काय आहे, असे साधेसे सवाल या चित्रपटासाठी साऱ्या जगाला घालण्यात आले. प्रश्न निरागस दिसतात. पण अहेरीच्या आठवडी बाजारात लुगडे नेसून आलेल्या, डोक्यावरच्या टोपलीत मोहाची फुले घेऊन दहा मैल चालत आलेल्या बाईला खिसा नसतो. तिचे पैसे पदराच्या गाठीला असतात, आणि ती गाठ ती कोणा परक्यासमोर सोडत नाही. पुरुषाच्या खिशात हात घातला तर बहुधा खर्रा निघेल: सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटलेले ते मिश्रण, ज्याने या भागातील शाळकरी पोरांचे दातसुद्धा रंगविले आहेत. खर्रा पडद्यावर आला तर प्रेक्षकाला तो गमतीदार वाटेल, किंवा किळसवाणा वाटेल. परंतु १९९३ साली लोकांच्या आंदोलनामुळे दारूबंदी झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हा खर्रा घरोघर कसा शिरला, त्याची पुडी कोण विकतो, मजुरीच्या पैशांतला किती हिस्सा तो खातो, हे त्या खिशातून कळणार नाही. प्रश्नात आधीच एक विशिष्ट प्रकारचा माणूस गृहीत धरलेला असतो. इतरांनी त्या माणसाच्या मापाने उत्तर द्यायचे.

दिवसाच्या निवडीलाही हेच लागू आहे. जुलैच्या अखेरीस या मुलुखात धानाच्या रोवणीची घाई असते. चिखल केलेल्या बांध्यांतून पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकलेल्या असतात, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद ओढून बायांची ओळ वाकलेली असते, आणि मागे सरकत सरकत ती ओळ सबंध बांधी हिरवी करून टाकते. भामरागडकडे तर पर्लकोटेच्या पुराने पुलावरून पाणी गेले की तालुक्याचे ठिकाण जवळजवळ दर पावसाळ्यात जगापासून तुटते. त्या दिवसांत कोणी काही चित्रित केलेच, तर ते पाठविणार कसे आणि कोठून? निर्मात्यांना ही अडचण दिसली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी दुर्गम देशांकडे सुमारे चारशे कॅमेरे पाठविले होते. पण अडचण केवळ यंत्राची नाही. शहरातल्या माणसाचा एक दिवस त्याच्या दुसऱ्या दिवसासारखा असतो, आणि म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावरून त्याचे वर्ष ओळखता येते. जंगलातल्या माणसाचे तसे नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या काळोखात मोहाखाली बसणारे घर, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या तळावर, उन्हातान्हात पुडे मोजून देणारे घर, आषाढात चिखलात उभे असणारे घर आणि पीक घरात आल्यावर नव्या धान्याचा पंडुम साजरा करणारे घर, हे एकच घर असूनही त्याचे चार दिवस चार निरनिराळ्या जगांतले असतात. त्यातला कोणता एक उचलावा? जो उचलाल तो खरा असेल, आणि तरीही त्या घराविषयी तुमची समजूत चुकीची होईल.

येथे एक अवांतर गोष्ट सांगतो. अहेरीच्या राजवाड्याचा दसरा प्रसिद्ध आहे आणि त्याची छायाचित्रे दरसाल वर्तमानपत्रांत येतात. ज्या दिवशी कोठे गोळीबार होतो त्या दिवशीही गडचिरोलीचे नाव पहिल्या पानावर येते. उत्सव आणि चकमक या दोन टोकांच्या मध्ये जे तीनशेहून अधिक दिवस उरतात ते छापण्याजोगे आहेत असे कोणाला वाटत नाही. म्हणून सामान्य दिवसाची नोंद करू पाहणाऱ्या कोणत्याही खटपटीकडे मी मुळात सहानुभूतीनेच पाहतो. माझी तक्रार तिच्या हेतूविषयी नाही. ही नोंद नोंदल्या गेलेल्याच्या हाती केव्हा आणि कोणत्या रूपाने परत येते, एवढीच माझी विचारणा आहे.

कारण न परतलेल्या नोंदीचे एक उदाहरण शेजारच्याच मुलुखात घडलेले आहे. आर्ने सुक्सडॉर्फ हा स्वीडिश दिग्दर्शक बस्तरमध्ये आला आणि नारायणपूरजवळच्या गढबेंगाल गावच्या चेंदरू नावाच्या मुरिया मुलाला घेऊन, वाघाच्या बछड्याशी खेळणारा वनबालक म्हणून त्याने त्याला १९५७ च्या आपल्या चित्रपटात अजरामर केले. पंडित रविशंकरांचे संगीत त्याला लाभले. मुलाला युरोपही दाखविण्यात आले. त्याच्यावर पुस्तक निघाले. नंतर तो गावी परतला, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने दारिद्र्यात घालविले. २०१३ साली तो वारला. चित्रपट सुंदर होता, यात शंका नाही. परंतु त्या सौंदर्यातून गढबेंगालच्या वाट्याला काय आले, याचा जमाखर्च मांडू गेल्यास जमेच्या रकान्यात फारसे काही सापडत नाही.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि ते प्राणहितेच्या पलीकडचे आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर हैदराबाद सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. त्याने तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई गावी मुक्काम ठोकला, गोंडांचे सण, शेती, कुळाचार यांच्या तपशीलवार नोंदी केल्या, छायाचित्रे घेतली. आणि त्या नोंदींच्या बळावर सरकारकडून हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळवून दिले आणि गोंडी शिक्षकांसाठी विद्यालय काढविले. हा माणूस परकाच होता, आणि ज्या दरबारासाठी तो काम करीत होता तो काही लोकांचा दरबार नव्हता. तरीही त्याची नोंद लोकांकडे परतली, ती पट्ट्याच्या रूपाने. परक्याने केलेली नोंद म्हणजे लूटच, असे जे हल्ली सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच मला मान्य नाही. पण येथेही परतणे अवलंबून राहिले ते एका माणसाच्या सद्बुद्धीवर. हाइमेनडॉर्फऐवजी दुसरा कोणी आला असता तर गोंडांपाशी त्याला जाब विचारण्याचे काही साधन नव्हते.

असे साधन कोठे असते? याचे उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी, महसूल खात्याच्या दप्तरात, सापडते. १९५६ पर्यंत चांदा जिल्हा, ज्यात आजचा गडचिरोलीही येई, आधी मध्यप्रांताचा आणि मग मध्य प्रदेशाचा भाग होता, आणि त्या प्रांताच्या बंदोबस्ताच्या पद्धतीत जमाबंदी आणि खसरा यांच्याबरोबर आणखी एक कागद गावाच्या मिसलीत असे, त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. पाणी कोणी कोठून घ्यावे, वाट कोणाच्या शेतातून जाते, मासे कोणी कोठे धरावेत, असल्या ज्या गोष्टी इतिहासकार लिहीत नाही आणि कवी गात नाही, त्या त्यात नमूद होत. मालगुजारी गेली तरी तो कागद टिकला. त्याच्या जोडीला निस्तार पत्रक आले, ज्यात सरपण, चराई, बांबू, माती, मुरूम, वाळू यांची गावकऱ्यांची गरज आणि वहिवाट लिहिली जाते. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही या दोन्ही कागदांना अनुक्रमे कलम १६५ आणि कलम १६१ मध्ये जागा मिळाली. आता त्या १६१ व्या कलमात एक तरतूद अशी आहे की निस्तार पत्रकाचा मसुदा आधी गावात प्रसिद्ध करावा आणि गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन मगच तो जिल्हाधिकाऱ्याने कायम करावा.

या तरतुदीचे महत्त्व पुरते लक्षात घ्यावे. ज्या रुक्ष, लाल फितीच्या, शिक्क्यांच्या कारभाराला आपण नावे ठेवतो, त्याने निदान कागदावर तरी गावाला असे सांगितले की तुमच्या रोजच्या जगण्याविषयी आम्ही जे लिहिले ते आधी वाचून पाहा, आणि चुकले असेल तर हरकत घ्या. १९२ देशांतल्या माणसांना भाऊबंद मानणाऱ्या चित्रपटाने हे केले नाही. त्याला ते करता येण्याजोगेही नव्हते, हे मी कबूल करतो. प्रत्यक्षात निस्तार पत्रके कशी तयार झाली हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नाही. लिहिणारा पटवारी मराठीत लिहिणार, ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची भाषा माडिया किंवा गोंडी, सिरोंचाच्या बाजूला तेलुगू. आणि मसुदा गावात प्रसिद्ध झाला याचा अर्थ पुष्कळदा तो कोठेतरी भिंतीला चिकटला एवढाच. पण तत्त्व कायद्यात लिहिलेले होते, आणि लिहिलेल्या तत्त्वाला कधी ना कधी धनी भेटतो.

तो धनी २००६ च्या वनहक्क कायद्याच्या रूपाने भेटला. त्या कायद्याच्या २००८ सालच्या नियमांतील तेरावा नियम मी या विषयावरच्या कोणत्याही कलासमीक्षेहून अधिक मोलाचा मानतो. वनहक्काचा दावा सिद्ध करण्यासाठी कोणते पुरावे चालतील, याची त्यात जंत्री आहे. आणि तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल यांच्याबरोबरच दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी घेतलेले कथन आहे, कंदमुळे आणि रानफळे गोळा करण्याच्या जागा आहेत, गुरांच्या चराईची राने आहेत, मासेमारीचे डोह आहेत, पूजेची झाडे आणि देवराया आहेत, आणि मृतांना पुरण्या-जाळण्याच्या जागाही आहेत. म्हणजे एखाद्या म्हातारीने, मी लहानपणापासून अमुक नाल्याच्या काठच्या मोहाची फुले वेचते, माझी सासूही तेथेच वेचत असे, एवढे सांगितले, ग्रामसभेने ते उतरून घेतले, आणि ऐकवून खाली अंगठा घेतला, की त्या सामान्य दिनचर्येला पुराव्याची प्रतिष्ठा येते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर जो सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू-वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार जो ग्रामसभेच्या हाती आला, त्याच्या मुळाशी गावाने आपले जगणे आपण होऊन अभ्यासण्याची वर्षानुवर्षांची सवय होती. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या, आणि फळीवरची वही त्यांच्या ताब्यात आली. ती वही एकदा कोणी नीट पाहावी. सत्तर पानांचा एक पुडा. कोणत्या घराने कोणत्या दिवशी किती पुडे दिले, किती खराब म्हणून बाजूला पडले, ताप आल्यामुळे कोणते घर दोन दिवस आले नाही, मुलीच्या नावावर कोणी वेगळे खाते उघडले, हे सारे त्या रकान्यांत दिसते. मे महिन्यातल्या त्या गावाचे याहून प्रामाणिक चित्र मला तरी माहीत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या चित्रातला प्रत्येक माणूस, माझे पाच पुडे कमी लिहिलेस, असे म्हणून चित्रकाराशी भांडू शकतो.

कोणी म्हणेल, हिशेबाची वही आणि कलाकृती यांची तुलना करणे हा शुद्ध अरसिकपणा झाला. वहीत माणसाचा श्वास नसतो. आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठी मला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी, गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन, जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम कित्येक वर्षे केले, हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करावयास घेतल्या. या संग्रहात श्वास आहे की नाही, हे एक ओवी ऐकून कोणीही ठरवावे. परंतु तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आहे, तिचे गाव आहे; अंगोलातल्या त्या कांडणाऱ्या बाया पडद्यावर निनावी येतात आणि निनावी जातात, तशी पुणे जिल्ह्याच्या मुळशीतली बाई जात नाही. शिवाय ओवी एका दिवसाची नसते. माहेर, सासुरवास, भाऊ, विठ्ठल, बाळंतपण, दुष्काळ असे सारे आयुष्य तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या दळून निघालेले असते. कला आणि उत्तरदायित्व यांचे वैर आहे, हे मला म्हणून पटत नाही. वेळ मात्र फार लागतो. साडेचार हजार तास चाळून काही महिन्यांत चित्रपट उभा करणाऱ्यांपाशी नेमका तोच नसतो.

आमच्या भागात जाते कमी, रेलाची गाणी अधिक. ती गोंडी आणि माडियात आहेत, लिहून न ठेवलेली आहेत, आणि गोटुलच्या अंगणात ज्यांच्या तोंडी ती होती त्यांतले पुष्कळ जण आता उरलेले नाहीत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमाने दाखवून दिले की अक्षरओळख नसलेला माणूसही साध्या फोनवरून आपल्या गावची बातमी, तक्रार किंवा गाणे आपल्या बोलीत नोंदवू शकतो, आणि दुसरा ते ऐकू शकतो. विलक्षण योगायोग असा, की ते वर्षही २०१० हेच होते: एकीकडे सारे जग एका पडद्यावर आणण्याची ईर्षा, दुसरीकडे हातपंप बिघडला हे एका गावाने दुसऱ्याला सांगण्याची सोय. यातले दुसरे काम मला मोठे वाटते, आणि ते केवळ उपयुक्त म्हणून नव्हे. हातपंपाची तक्रार ज्याने नोंदविली तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारू शकतो की त्याचे पुढे काय झाले. चित्रपटाला असा दुसरा दिवस नसतो.

मग अहेरी भागाचा असा सामुदायिक माहितीपट करावयाचाच झाला तर तो कसा करावा? दिवस दिग्दर्शकाने न ठरविता ग्रामसभेने ठरवावा, आणि तोही एक न ठरविता वर्षातले निदान चार ठरवावेत. प्रश्न गावातून यावेत. खिशाऐवजी टोपलीत काय आहे, आणि ती किती भावाने गेली, हे विचारावे. कच्चे संकलन, निस्तार पत्रकाच्या मसुद्याप्रमाणे, आधी गावात, गावाच्या भाषेत दाखवावे, हरकती लिहून घ्याव्यात, आणि ज्याला आपले दृश्य नको असेल त्याचे ते काढावे. हे शेवटचे कलम येथे चैनीचे नाही. ज्या मुलुखात अमुक माणूस अमुक ठिकाणी अमुक लोकांबरोबर बसलेला दिसला एवढ्यावरून पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्ही बाजूंकडून त्याच्यावर संशय येऊ शकतो, तेथे चेहरा दाखविणे ही कलेची बाब राहत नाही. असा चित्रपट कदाचित कधीच पुरा होणार नाही, महोत्सवांच्या तारखा तो चुकवील, आणि त्याला पैसा कोण देईल हा सवाल तर आहेच. पैशाचे मी सांगू शकत नाही. परंतु चित्रणाचे काम आजच चालू आहे. तेंदूच्या फळीवर, रोवणीत, बाजारात, लग्नात, आमची पोरे रोज मोबाइलवर चित्रे घेत असतात. फोन फुटला की ती जातात, किंवा जागा भरली म्हणून पुसली जातात. ग्रामसभेच्या कपाटात वनहक्काच्या दाव्याची फाइल आणि तेंदूची वही ठेवली आहे, त्यांच्या शेजारी या चित्रांची एक प्रत, कोणी घेतले, कोणाचे आहे, कोणाची संमती आहे, एवढ्या तीन रकान्यांसह ठेवण्यास आजही कोणाच्या परवानगीची गरज नाही.